गॉगलचं कलेक्शन, घरी सांगितलेली ‘इन्व्हेस्टमेंट’ आणि फ्लॅटचं बुकिंग

पुण्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय 37, आयटीत नोकरी, जपानी शिकलेली, त्यामुळे कंपनीने 2 वर्षं टोकियोला पाठवलं होतं. तिथे सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं फिरता फिरता तिला डिझायनर गॉगल्सचा नाद लागला. पण कुठलाही गॉगल चालत नाही तिला, एखाद्या ठरावीक देशात बनलेला किंवा ठरावीक देशापुरताच काढलेला पीस हवा असतो. आज तिच्याकडे 23 आहेत: ‘डब्ल्यू. जर्मनी’ (म्हणजे वेस्ट जर्मनी) कोरलेले कझाल, ऑस्ट्रियात बनलेले कॅरेराचे पोर्शे डिझाइन, बॉश अँड लॉम्ब या मूळ कंपनीच्या काळातले अमेरिकन रे-बॅन, जपानमध्ये बनलेले जाँ पॉल गोतिए आणि वर 5 ‘एशियन फिट’, म्हणजे आशियाई चेहऱ्याला बसतील असे. सगळे मिळून सहा लाखांच्या वर खर्च झालाय, नवऱ्याला माहीत असलेला आकडा अडीच लाख. घरी नवऱ्याला आणि सासऱ्यांना तिने कायम सांगितलं की ही इन्व्हेस्टमेंट आहे, भाव वाढतच जाणार. आता फ्लॅट बुक करायचाय, डाउन पेमेंटला पैसे कमी पडतायत, आणि परवा जेवताना नवरा म्हणाला, “तुझी ती इन्व्हेस्टमेंट काढू या की आता.” तिने गुपचूप दोन डीलरना विचारलं. एकाने अख्ख्या लॉटचे 2 लाख 20 हजार सांगितले, दुसरा म्हणाला सहा-सातच घेईन, आणि दोन कझाल त्याला खरेच वाटेनात. त्यातच, कित्येक वर्षं ती शोधत होती तो गोतिए एका जपानी विक्रेत्याने 62 हजारांना लावलाय. टोकियोची मैत्रीण दिवाळीला येणार आहे, तिच्याकडून मागवायचा आणि घरी सांगायचं तिने गिफ्ट दिला, असा विचार चाललाय. ती विचारते: घेऊ का? की सगळंच विकून टाकू? नवऱ्याला काय सांगू? मी त्याला फसवलं का?

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अडलेत. आकडा लपवलास, ती फसवणूकच झाली, आणि ती किरकोळ आहे असं म्हणून मी तुझं समाधान करणार नाही, कारण साडेतीन लाखांहून जास्त फरक आहे आणि तुम्ही दोघं मिळून वीस-एक वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालाय. पण भाव वाढणार असं जे सांगत आलीस ते तुझं तुलाही खरं वाटत होतं, हे पत्रात स्पष्ट दिसतंय, डीलरचा आकडा ऐकून तुला जो धक्का बसला तो खोटं बोलणाऱ्या माणसाला बसत नाही. म्हणजे एका ठिकाणी तू लपवलंस आणि दुसऱ्या ठिकाणी तुझा अंदाज चुकला. नवऱ्याशी बोलताना हे दोन्ही वेगळं सांग, एकात एक मिसळलंस की ऐकणाऱ्याला सगळंच खोटं वाटायला लागतं.

आणि मैत्रिणीच्या गिफ्टची गोष्ट आजच डोक्यातून काढून टाक. एक तर आधीचं निस्तरायच्या आत त्यावर नवीन थर चढतोय, आणि दुसरं म्हणजे यात ती बिचारी पण अडकते, तुझ्या घरी येऊन चहा पिताना तिने तुझ्या नवऱ्यासमोर खोटं बोलायचं, आणि एअरपोर्टवर कुणी विचारलं तर तिथेही काय सांगायचं ते तिनेच बघायचं.

आता मला तुला एक विचारायचंय. इन्व्हेस्टमेंट आहे असं सांगायची वेळ तुझ्यावर आलीच का? तू कमावतेस, घरखर्चात तुझा वाटा असणार, तरी स्वतःच्या आवडीवर पैसे घालवले हे सांगायला तुला आधार लागला, आणि आपल्याकडे सगळ्यात चालणारा आधार म्हणजे “पुढे उपयोगी पडेल”. सोनं घेतलं की कुणी विचारत नाही. साडी घेतली तरी लग्नाकार्याला लागेल म्हणून चालून जाते. पण 1985 सालचा जर्मन गॉगल मला बघायला आवडतो, हातात घेतला की छान वाटतं, एवढंच कारण सांगितलं तर घरातली माणसं आपल्याकडे कशी बघतील ही भीती मला समजते, आणि मला पत्रं लिहिणाऱ्या कितीतरी बायकांना ती असते, कुणी पेनं जमवतं, कुणी रोपं, कुणी परफ्युम, आणि प्रत्येकीच्या घरी त्या छंदाला काहीतरी वेगळं कारण दिलेलं असतं. तू ते कारण इतक्या वेळा दिलंस की तुलाही ते पटलं. आणि आता नवरा त्याच कारणाच्या आधारावर पैसे मागतोय, यात त्याची काही चूक नाही, त्याने तुझ्यावर विश्वास ठेवलाय.

तर खरंच ही इन्व्हेस्टमेंट आहे का, ते जरा नीट बघू, कारण असं समजणारे बरेच वाचक असणार.

जुन्या गॉगलला दोन भाव असतात, एक विकणाऱ्याने लावलेला आणि एक खरंच विकला गेलेला. तू बहुतेक पहिला बघून मनात बेरीज करत आलीस. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’चा फिल्टर आहे, तो लावून आपलं मॉडेल शोधलं की कळतं की ज्या फ्रेमला लोक 800 डॉलर लावून महिनोन्‌महिने बसलेत तीच प्रत्यक्षात कितीला गेली. जपानी लिलावांच्या साइटवर सुद्धा आधी संपलेल्या लिलावांचे आकडे बघता येतात, आणि ते तर तुला वाचताही येतात. डीलरने अर्ध्याहून कमी सांगितले म्हणजे तो लुबाडतोय असंही धरून चालू नकोस. त्याला तो माल साफ करायचा, नोजपॅड बदलायचे, कदाचित वर्षभर सांभाळायचा, आणि गिऱ्हाइकाने परत आणला तर पैसे द्यायचे, त्यामुळे अख्खा लॉट घेताना तो असाच भाव सांगणार. त्यात तू खरेदी करताना शिपिंग, एजंटचं कमिशन, कस्टम ड्युटी आणि वर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, भरलेला आहेस, ते पैसे विकताना कुणी देत नाही.

दुसरी गोष्ट कंपन्या स्वतःच करतात. कझालने आपली जुनी गाजलेली मॉडेल्स ‘लेजंड्स’ नावाने परत काढली, गोतिएनेही 1990 च्या दशकातल्या फ्रेम्स गेल्या काही वर्षांत पुन्हा बाजारात आणल्या. ज्यांना नुसता तो लुक हवा असतो ते मग नवीनच घेतात, जुन्याच्या मागे फक्त खरे कलेक्टर उरतात, आणि ते पीसच्या कंडिशनवरून फार घासाघीस करतात. अगदी दुर्मीळ आणि अगदी चांगल्या कंडिशनमधल्या पीसला भाव टिकतो, कधी वाढतोही, पण तुझ्या 23 पैकी असे किती आहेत ते तुला आतून माहीत असेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, याच्या भरवशावर घराचं प्लॅनिंग करू नका.

आता ज्या गोष्टीवर तुझं सगळं कलेक्शन उभं आहे, म्हणजे ‘रीजनल एडिशन’, त्याबद्दल बोलते. इथे मला वाटतं तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्यायस, गॉगल बनला कुठे आणि विकायला काढला कुणासाठी.

तुझ्या गोतिएचंच घे. त्याच्या काडीवर आतून ‘मेड इन जपान’ असतं, म्हणून तू त्याला जपान एडिशन म्हणतेस. पण जपानमध्ये बनवून घ्यायचं कारण वेगळं होतं. फुकुई प्रांतात साबाए नावाचं गाव आहे, थंडीत बर्फ पडून शेतीची कामं बंद व्हायची, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून मासुनागा गोझाएमोन नावाच्या माणसाने 1905 साली त्या भागात चष्म्याच्या फ्रेम बनवायचं काम सुरू केलं, आणि आज जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमपैकी 90 टक्क्यांहून जास्त फ्रेम त्या परिसरात बनतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियमच्या फ्रेम बनवायचं तंत्र त्यांनीच बसवलं, हा धातू वाकवायला आणि जोडायला फार अवघड. मेटलचं असं बारीक काम करणारी माणसं तिथे आहेत म्हणून बाहेरच्या ब्रँडनीही जपानमध्ये फ्रेम बनवून घेतल्या, आणि त्यातल्या कितीतरी पॅरिसला, न्यूयॉर्कला विकल्या गेल्या. तेव्हा नुसत्या शिक्क्यावरून तो जपानपुरता होता असं ठरत नाही. ते ठरतं दुसऱ्या पुराव्यावरून, म्हणजे येनमधला किमतीचा टॅग, जपानी वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का असलेली केस, किंवा त्या काळच्या जपानी कॅटलॉगमध्ये तो मॉडेल नंबर सापडणं.

कझालचं तर उलटंच आहे. कारी झालोनी या डिझायनरने 1975 मध्ये हा जर्मन ब्रँड सुरू केला, आणि त्या मोठ्या जाड फ्रेम्सचं खरं वेड लागलं ते अमेरिकेत, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या हिपहॉपवाल्या तरुणांना, इतकं की रस्त्यात चेहऱ्यावरून ओढून चोऱ्या व्हायच्या. जर्मनी एक झाली 3 ऑक्टोबर 1990 ला, त्यामुळे ‘डब्ल्यू. जर्मनी’ लिहिलेला खरा पीस साधारण त्याच्या आधीचा, एवढं नक्की कळतं. पण तो जर्मनीपुरता माल होता असं त्यातून निघत नाही. तो शिक्का वय सांगतो.

आणि ‘एशियन फिट’, ज्यावर तू लाखभर तरी घातले असशील. नाकाचं हाड खाली असेल, गाल वर असतील तर नेहमीचा गॉगल घसरतो आणि गालाला टेकतो, म्हणून नोजपॅड मोठे करून आणि पुढच्या भागाचा बाक बदलून केलेली ही फ्रेम. रे-बॅनच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एफ’ दिसतो, जसं वेफेरर आरबी 2140 चं आरबी 2140 एफ. हल्ली यालाच लो ब्रिज फिट म्हणतात. हा मोठ्या संख्येने बनणारा माल आहे. रंगाची एखादी लिमिटेड बॅच निघत असेल, पण ‘एफ’ आहे म्हणून दुर्मीळ असं काही नाही. तुझ्या चेहऱ्याला बसत असतील तर कपाटातून काढ आणि वापर, ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

यावरून एक गोष्ट मनात आली. पुण्यात राहून देशोदेशीचे पीस जमवणाऱ्या तुझ्याकडे भारतात बनलेला एकही नाही. 1990 च्या दशकात बॉश अँड लॉम्बचा राजस्थानात भिवाडीला कारखाना होता, तिथे रे-बॅन बनायचे, आणि त्या काळात नोकरीला लागलेल्या, पहिली बाइक घेतलेल्या कितीतरी घरांमध्ये ते अजून कपाटात पडलेत. 1999 मध्ये रे-बॅन इटलीच्या लक्सॉटिकाने विकत घेतलं आणि बॉश अँड लॉम्बचा काळ संपला. ठरावीक देशाशी जोडलेला, ठरावीक वर्षांमधलाच माल जमवायचा असेल तर हा तुझ्या अगदी दारातला आहे आणि फार महागही नाही. तो तुला कधी घ्यावासा वाटला नाही, यावर जरा विचार कर. कदाचित तुझा जीव देशांवर नाहीच, जपानच्या त्या 2 वर्षांवर आहे, तिथे एकटी फिरत होतीस, स्वतःच्या मनाने घेत होतीस, कुणाला हिशोब द्यायचा नव्हता. तसं असेल तर त्यात वाईट काही नाही, पण मग कलेक्शनमध्ये काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचं उत्तर खूप सोपं होतं.

त्या दोन संशयित कझालचं काय? लिहिलेला शिक्का नकली माल बनवणाराही मारतो, ते सगळ्यात सोपं काम आहे. त्यामुळे अक्षरांवर विसंबू नको, बनावट बघ. तुझ्याकडे ज्याबद्दल खात्री आहे असा एक कझाल घे आणि संशयाचा एक घे, टेबल लॅम्पखाली शेजारी शेजारी ठेव. बिजागरी उघडताना दोन्हीकडे सारखी अडते का, की एक काडी लगेच सुटते. स्क्रूची खाच स्वच्छ कापलेली आहे का. मेटलचा तुकडा प्लास्टिकमध्ये बसवलाय तिथे फट किंवा गोंद दिसतो का. सोनेरी पट्टीची कड बोटाला लागते की वरून नुसता रंग दिलाय. वजनाच्या काट्यावर दोन्ही ठेव, एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये फार फरक पडला तर कान टवकार. जुन्या रे-बॅनवाल्या वाचकांसाठी पण सांगते, काच तिरकी धरून बिजागरीजवळची कड बघायची, बॉश अँड लॉम्बच्या काळातल्या काचेवर तिथे बारीक ‘बीएल’ कोरलेलं असतं, लक्सॉटिकाच्या काळात ते ‘आरबी’ झालं. अमेरिकेत बनलेला जुना पीस म्हणून कुणी विकत असेल आणि काचेवर ‘आरबी’ असेल तर काच तरी बदललेली आहे किंवा सांगितलेली गोष्ट तरी चुकीची आहे, दोन्हीमुळे भाव खाली येतो.

कझाल नकली निघाले तर ते कुणाला खरे म्हणून विकू नकोस, डीलरने नाही ओळखले तरी. घेताना तुझे पैसे गेले म्हणून पुढच्याचे जावेत असं होत नाही ना. विकणाऱ्याकडे परत करायची मुदत असेल तर बघ, नसेल तर नकली अशी चिठ्ठी लावून ठेवून दे, तुलना करायला पुढे उपयोगी पडतील.

आता नवऱ्याशी बोलायचं कसं. सासऱ्यांसमोर आणि जेवणाच्या ताटावर नको. दोघंच असाल तेव्हा, आणि बोलायच्या आधी एक शीट तयार कर, 23 ओळींची: कुठून घेतला, कधी, मूळ किंमत, शिपिंग, ड्युटी, आज विकला तर खरा अंदाजे भाव. एकही पीस वगळू नको. मग आकडा पहिल्यांदा सांग, कारणं नंतर. “मी सहा लाख दहा हजार घातलेत, तुला अडीच सांगितले होते” असं सरळ वाक्य. आपण उलटं करतो, आधी अर्धा तास प्रस्तावना बांधतो आणि मग समोरच्याला वाटतं की आकडा बाहेर काढायला त्यालाच ओढाताण करावी लागली. तो चिडेल. त्याला चिडायला एक-दोन दिवस दे, लगेच रडू नको, लगेच “मग विकून टाकते सगळे” असंही म्हणू नको, कारण रागाच्या भरात विकलेलं कलेक्शन लॉटने आणि कवडीमोल जातं आणि मग तो सल आयुष्यभर दोघांच्यामध्ये राहतो.

आणि एक लक्षात घे, तो जेवताना जे म्हणाला ते तू सगळे विक असं ऐकलंस. त्याने तसं म्हटलेलं नाही. त्याच्या डोक्यात अडीच लाख आहेत, त्याचे वाढून तीन-साडेतीन झाले असतील असा त्याचा हिशोब असेल. त्याला खरा आकडा कळला की फ्लॅटसाठी यातून किती येऊ शकतात हे दोघं मिळून ठरवू शकता. माझा अंदाज असा की एशियन फिटमधले जे वापरत नाहीस ते, आणि बाकीच्यातले डबल असलेले किंवा ज्यांच्याबद्दल तुला काही सांगावंसं वाटत नाही असे, मिळून दहा-बारा निघतील. लॉटने न देता एक एक करून सरळ कलेक्टरना विकलेस तर दीड लाखाच्या आसपास यायला हरकत नाही, पण त्याला चार-सहा महिने लागतात. त्यामुळे बुकिंगच्या तारखेला हे पैसे हातात असतील असं समजू नका, त्या दिवसापुरती दुसरी सोय बघा आणि हे नंतरच्या हप्त्यांना किंवा फर्निचरला धरा. कमी रकमेचा फ्लॅट बघणं हाही एक मार्ग आहे, तो बोलण्यातून आधीच वगळू नका.

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात, दोन्ही काड्यांची आतली बाजू, बिजागरी, नोजपॅड, काचेवरचा प्रत्येक ओरखडा. दोष आपण आधी दाखवला की घासाघीस कमी होते.

सासऱ्यांना पूर्ण हिशोब द्यायची काही गरज नाही, तो तुम्हा दोघांचा विषय आहे. पण ही इन्व्हेस्टमेंट आहे असं त्यांना तू सांगितलेलं आहेस, तर “बाबा, माझा अंदाज चुकला, मी हे आवड म्हणून ठेवलेत” एवढं एक वाक्य तूच त्यांना सांग, नवऱ्याला सांगायला लावू नको.

पुढचं म्हणजे दोघांनी महिन्याला आपापली एक रक्कम ठरवा, जिचा हिशोब एकमेकांना द्यायचा नाही. तुझ्यासाठी चार हजार असेल तर त्याच्यासाठीही तेवढीच, तो क्रिकेटवर घालवो की खाण्यावर. तू तुझी साठवून वर्षाने एक चांगला पीस घे. मोठ्या रकमेची प्रत्येक वस्तू मात्र आधी बोलून. पगार वेगळे असतील तर टक्क्यांनी ठरवा, पण ठरवा, कारण कर्ज सुरू झालं की प्रत्येक खर्चावरून धुसफूस व्हायला लागते.

जे अकरा-तेरा राहतील ते नीट सांभाळ, हेही लिहिते कारण तू कव्हरमध्ये घालून झिपलॉकमध्ये ठेवतेस असं पत्रात आहे. ॲसिटेटच्या, म्हणजे जाड प्लास्टिकसारख्या फ्रेमला ते घातक आहे. जुनं ॲसिटेट ओलाव्याने हळूहळू सुटतं, त्यातून व्हिनेगरसारखा वास येतो, आणि बंद पिशवीत तीच आम्ल हवा कोंडून राहिली की ते आणखी जोरात होतं. कुठल्याही केसला तसा वास आला तर तो पीस लगेच वेगळा कर, शेजारच्यालाही त्रास होतो. उघड्या ट्रेमध्ये, मऊ कापडावर, उन्हापासून लांब ठेव. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेव आणि ते मधून मधून बदल किंवा तापवून कोरडं कर, चामड्याच्या केसला बुरशी धरते म्हणून केस वेगळ्या ठेव. मेटल फ्रेमवर नोजपॅडपाशी हिरवट चढतं, ते घामाने होतं, साध्या कोमट पाण्यात सौम्य साबण टाकून मऊ ब्रशने काढ, स्पिरिट नको. नोजपॅड बदललेस तर जुने फेकू नको, छोट्या पुडीत फ्रेमबरोबरच ठेव. आणि जुना गॉगल बाहेर घालणार असशील तर ओळखीच्या चष्मेवाल्याकडे जाऊन मीटरवर यूव्ही तपासून घे, बऱ्याच दुकानांत ते यंत्र असतं. काच काळी आहे म्हणजे यूव्ही अडते असं नाही, उलट काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अडली नाही तर जास्त आत जाते.

राहिला तो 62 हजारांचा गोतिए. आत्ता घेऊ नको. शिपिंग, ड्युटी आणि आयजीएसटी धरून तो बराच वर जाणार, आणि गिफ्ट लिहून पाठवा असं विक्रेत्याला सांगितल्यानेही काही सुटत नाही, परदेशातून गिफ्ट म्हणून ड्युटीशिवाय मागवायची सवलत डिसेंबर 2019 पासून बंद आहे, आणि किंमत कमी लिहून घेतलीस तर पकडलं जाण्याचा धोका आहेच शिवाय वाटेत हरवला तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळते. तू कित्येक वर्षं शोधत होतीस हे मी विसरलेली नाही, तो हातचा जाईल याचं वाईट वाटणार. पण आधी दहा-बारा विकले जाऊ दे, फ्लॅटचा ठरलेला वाटा बाजूला पडू दे, नवऱ्याला पूर्ण माहीत असू दे, त्यानंतर काही उरलं तर तोच किंवा त्याच मॉडेलचा दुसरा बघता येईल. तोपर्यंत विक्रेत्याला जपानीतून विचारून ठेव की डाग देऊन जोडलाय का, पॉलिश परत चढवलंय का, काच मूळची आहे का, येनचा टॅग किंवा कार्ड आहे का, त्याचं उत्तर पुढच्या वेळी कामाला येईल.

आणि मैत्रिणीकडून दिवाळीला काही मागवायचंच असेल तर टोकियोत जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 1980-90 ची फॅशन मासिकं मिळतात, त्यात चष्म्यांच्या जाहिराती असतात, त्यातली दोन-तीन आणायला सांग, आणि घरी ती कशासाठी आणि कितीला मागवलीस तेही सांग. तुझ्या शीटमध्ये अजून एक रकाना रिकामा आहे, हा पीस कुणासाठी काढला होता त्याचा पुरावा, आणि तो भरायला लागणारी भाषा तुला येते.